एसएसबी क्लासमधली मुलाखतीची तयारी: पैसे कुठे वसूल, कुठे पाण्यात

पुण्यातल्या एका एसएसबी क्लासच्या दहा दिवसांच्या बॅचचं हे परीक्षण, तेही फक्त मुलाखतीच्या तयारीपुरतं. एसएसबी म्हणजे सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्ड, सैन्यदलांसाठी अधिकारी निवडणारं मंडळ; खाली 'बोर्ड' म्हटलंय ते हेच, तिथली निवड पाच दिवस चालते. क्लासचं नाव देत नाही. याच साच्याच्या बॅचेस शहरात बऱ्याच चालतात आणि खालचं बरंचसं त्यांनाही लागू पडेल. माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत 'लीडरशिप डेव्हलपमेंट' असं छापलंय. दहा दिवसांत कुणाचं नेतृत्व घडत नसतं. आधी जे हातून झालंय ते नीट सांगता यायला लागलं तरी पुष्कळ. त्या मापाने क्लास निम्मा पास आहे.

सगळ्यात मोलाचं सत्र पीआयक्यू फॉर्मचं, म्हणजे उमेदवाराच्या वैयक्तिक माहितीच्या प्रश्नावलीचं. घरच्यांचं शिक्षण-उत्पन्न, दहावीपासूनचे टक्के, सर्वात जास्त काळ जिथे राहिलात ते गाव, त्याची अंदाजे लोकसंख्या, ते जिल्ह्याचं ठिकाण आहे का, एनसीसी, खेळ, छंद, सांभाळलेल्या जबाबदाऱ्या, हे सगळं त्यात भरायचं असतं. बोर्डावर तो पहिल्याच दिवशी भरून घेतात आणि मुलाखतीतले बहुतेक प्रश्न त्या कागदातूनच निघतात. मुलं मात्र तो रेल्वेचा आरक्षण फॉर्म असल्यासारखा भरतात. इथे प्रत्येक जबाबदारीपुढे पेन्सिलने चार गोष्टी लिहायला लावतात: माणसं किती होती, किती दिवस काम चाललं, कुठे अडलं, आणि त्यात तुमचा स्वतःचा वाटा काय. चारही रकाने भरता आले नाहीत तर ती ओळ खोडायची. वर्गप्रतिनिधी, गॅदरिंगचा संयोजक, मंडळाचा उपाध्यक्ष अशा पाच ओळींच्या बहुतेकांच्या दोनच उरतात. तोंडं उतरतात, पण उरलेल्या दोन ओळींवर अर्धा तास बोलता येतं. छंदांचंही तेच. 'वाचन' लिहायचं आणि गेल्या सहा महिन्यांतलं एक पुस्तक सांगता येत नाही, तर ते तिथेच कापतात.

त्यानंतर मॉक, म्हणजे सरावाची मुलाखत, साधारण पाऊण तासाची. सुरुवात खऱ्या बोर्डासारखीच, एका दमात आठ-दहा प्रश्नांनी: दहावीपासूनचे टक्के सांग, कमी-जास्त का झाले, आवडते शिक्षक कोण, नावडते कोण, का, मित्र कोण, वर्गाबाहेर काय काय केलंस, कुठली जबाबदारी घेतलीस. उत्तरं विचारलेल्या क्रमाने द्यायची. मधला एखादा प्रश्न निसटला तर 'सर, काही राहिलं का?' असं सरळ विचारलेलं चालतं. निसटलाच नाही असं दाखवून पुढे रेटणं अंगाशी येतं. हा भाग क्लास चांगला घोटून घेतो.

खरी मजा पुढच्या उपप्रश्नांत आहे. एका मॉकमधला तुकडा (मूळ बोलणं इंग्रजी-हिंदी मिसळलेलं) असा. मुलाने सांगितलं, एनएसएसच्या श्रमसंस्कार शिबिरात वनराई बंधारा बांधला, मी गटप्रमुख होतो, सगळ्यांना मोटिव्हेट केलं आणि काम वेळेत संपलं.

"किती जण होतात?"
"बावीस, सर."
"मोटिव्हेट केलंस म्हणजे नेमकं काय केलंस?"

इथे मुलगा अडकला. मग सुचेल तसं बोलत गेला आणि तिथूनच उत्तर जमायला लागलं. सिमेंटची रिकामी पोती मातीने भरणारे जास्त आणि ओढ्यापर्यंत वाहणारे कमी, म्हणून भरलेल्या पोत्यांचा ढीग साचला. त्याने भरण्यावर आठ जण ठेवले आणि बाकीच्यांची साखळी करून पोती हातोहात पुढे सरकवली. एकाची पाठ भरून आली होती, त्याला दाभण-सुतळी देऊन पोत्यांची तोंडं शिवायला बसवलं. "चुकलं काय?" यावर म्हणाला, पहिल्या थराची तोंडं शिवलीच नव्हती, रात्रीतून पाण्याने माती धुऊन गेली, सकाळी तो थर उपसून पुन्हा रचावा लागला, आणि शिवायचं राहून गेलं होतं ते माझ्याकडूनच.

हा एक प्रसंग डझनभर विशेषणांना भारी आहे. बोर्ड ज्या पंधरा गुणांवर उमेदवाराला जोखतो त्यांची यादी सगळ्यांना पाठ असते, पण त्यात 'नेतृत्व' हा शब्दच नाही हे फार थोड्यांच्या ध्यानात येतं. संघटनकौशल्य आहे, जबाबदारीची जाणीव आहे, पुढाकार, निर्णयाचा वेग, गटावर प्रभाव पाडण्याची क्षमता, सहकार्य, निर्धार असं सुटं सुटं आहे. त्यामुळे 'माझ्यात नेतृत्वगुण आहेत' हे वाक्य कुठल्याच रकान्यात बसत नाही. पाठ भरून आलेल्याला सुतळी दिली, हे दोन-तीन रकान्यांत बसतं. प्रशिक्षकांनी हे मॉकनंतर त्याच प्रसंगावर बोट ठेवून समजावलं, त्याचे पूर्ण गुण.

आणखी एक गोष्ट त्यांनी अचूक पकडली. आपल्याकडची मुलं भिडेपोटी 'आम्ही केलं' म्हणतात. अधिकाऱ्याला त्यातून तुमचा वाटा कळत नाही. उलट क्लास केलेली मुलं प्रत्येक क्रियापदाला 'मी' चिकटवतात, मग सहकार्य कुठे दिसायचं? ठरवलं कुणी ते 'मी'त, राबलं कोण ते नावानिशी, एवढं पाळलं की भागतं.

आता वाईट भाग. तिसऱ्या दिवशी हातात एक छापील पुस्तिका पडते: नेतृत्वावरचे चाळीस प्रश्न आणि त्यांची तयार उत्तरं. ती घरी नेऊन रद्दीत घालावी. बोर्डावर मानसशास्त्रज्ञ, मुलाखत घेणारा अधिकारी आणि जीटीओ (मैदानावर गटाच्या चाचण्या घेणारा अधिकारी) हे तिघं तुम्हाला वेगवेगळे तपासतात. याचंच तिथलं सूत्र मनसा, वाचा, कर्मणा. मानसशास्त्र चाचणीत ६० शब्द येतात, प्रत्येकावर वाक्य लिहायला १५ सेकंद. चित्र ३० सेकंद दिसतं आणि गोष्ट लिहायला ४ मिनिटं. ६० प्रसंगांत तुम्ही काय कराल ते लिहायला मिळून ३० मिनिटं. या घाईत पुस्तिका आठवत नाही, जे आत आहे तेच उतरतं. मैदानावर कमांड टास्कमध्ये तुम्ही कमांडर, हाताखाली दोघं-तिघं, फळी, दोर आणि ओंडका. 'मी सगळ्यांचं ऐकून घेतो' असं मुलाखतीत सांगणारा तिथे सोबत्याची सूचना पुरी होण्याआधीच फळी उचलायला धावला, की पाचव्या दिवशीच्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे सगळ्या परीक्षकांच्या एकत्र बैठकीत, ते एकमेकांसमोर येतं. शिवाय एकाच क्लासची दहा मुलं एकाच बोर्डावर गेली की अधिकाऱ्याला तेच वाक्य आठवड्यात दहादा ऐकू येतं. त्याला काय कळत नसेल!

मॉकची संख्याही तोकडी. पॅकेजमध्ये एकच; दुसरी हवी तर पैसे वेगळे. पहिल्या मॉकमध्ये चुका कळतात, त्या सुधारल्या की नाही ते दुसरीतच दिसतं, म्हणून दुसरी पॅकेजमध्येच असायला हवी. अभिप्राय तोंडी देतात, लेखी नाही, आणि रेकॉर्डिंगही मिळत नाही. पाय हलतोय, प्रत्येक वाक्य 'अ‍ॅक्च्युअली'ने सुरू होतंय, हे सांगून पटत नाही, दिसावं लागतं. मोबाइल समोर उभा करून ठेवणं क्लासला काही जड नाही.

पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. मॉक किती आणि कोण घेणार: बोर्डावर प्रत्यक्ष मुलाखती घेतलेले निवृत्त अधिकारी, की क्लासचेच जुने विद्यार्थी? बॅच किती जणांची? वीसच्या वर गेली की पीआयक्यूच्या एकेका ओळीवर कुणी बसत नाही. आणि फॉर्म, मानसशास्त्राच्या उत्तरपत्रिका, मॉक यांचा एकत्र मेळ घालून कुणी वाचतं का? या क्लासमध्ये तीन वेगळे प्रशिक्षक तीन वेगळ्या वह्यांत लिहितात आणि शेवटपर्यंत एकमेकांशी बोलत नाहीत.

फी झेपत नसेल, आणि झेपत असली तरीही, राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचं नाशिक रोडचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आधी पाहावं. तिथला एसएसबी कोर्स महाराष्ट्रातल्या युवक-युवतींसाठी मोफत असतो, राहणं-जेवणही त्यात येतं. मात्र एसएसबीला पात्र ठरल्याचा पुरावा लागतो, उदाहरणार्थ सैन्यदलांच्या अधिकारी भरतीची सीडीएस किंवा एनडीए लेखी परीक्षा पास, किंवा एनसीसी 'सी' प्रमाणपत्र ठरलेल्या श्रेणीत. निवड जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत होते. बॅचच्या तारखा तिथूनच जाहीर होतात, तेव्हा कॉल लेटर हातात पडल्या दिवशीच तिथे फोन करावा.