दुसरा राउटर घरात आणताना: रिपीटर, तार की मेश?

कोल्हापुरात फायबरच्या इंटरनेटचा डबा (मुख्य राउटर) बहुतेक घरांत पुढच्या खोलीतच बसतो. तार खांबावरून येते, नेटवाला चौकटीशेजारी भोक पाडतो, टीव्हीजवळ डबा टांगतो आणि निघून जातो. पेठेतली घरं अरुंद आणि लांब. पुढं सोपा, मग माजघर, मागं स्वयंपाकघर आणि वर जिन्यानं गेलं की मुलांच्या खोल्या. आमचं शिवाजी पेठेतलं घर असंच आहे. तळमजल्याच्या भिंती काळ्या दगडाच्या आणि हातभर जाड, वरचा मजला नंतर स्लॅब टाकून बांधलेला. सोप्यात नेट पळतं, पण वरच्या मागच्या खोलीत फोनवर एकच दांडी दिसते.

मग दुसऱ्या राउटरचा विषय निघतो. जुना एखादा घरात पडलेला असतोच. त्याला बिनतारी रिपीटर करायचं (मुख्य वायफाय पकडून पुढं सोडणारा), लॅनची, म्हणजे घरातल्या नेटवर्कची, तार ओढून अॅक्सेस पॉइंट करायचं (तारेतून नेट घेऊन वायफाय सोडणारा), की सरळ मेशची, म्हणजे आपापसांत जुळून एकच वायफाय चालवणाऱ्या डब्यांची, जोडी विकत घ्यायची, असे तीन रस्ते आहेत. पहिले दोन मी याच घरात वापरले. तिसरा मेव्हण्याच्या राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये मीच बसवून दिला, आणि तिथं गेलो की वापरतोही.

रिपीटरची बाजू आधी मांडतो, कारण त्याचा मोठा गुण म्हणजे भिंतीला हात लावावा लागत नाही. सेटिंगमध्ये मुख्य वायफायचं नाव निवडलं, पासवर्ड दिला, झालं. वेग कमी होतो हे खरं. एकाच रेडिओला ऐकायचंही असतं आणि तेच पुढं सांगायचंही असतं, त्यामुळं साधारण निम्मा वेग तिथंच जातो. तरी सिनेमा बघायला, शाळेचं काही उघडायला उरलेला पुरतो. जागेची अडचण मात्र होते. रिपीटर जिथं रेंज नाही तिथं ठेवून उपयोग नाही, मुख्य डब्याची रेंज चांगली पोचते अशा मधल्या जागी तो हवा. आमच्याकडं ती जागा म्हणजे जिन्याचं वळण, आणि तिथं प्लगच नाही.

एक्स्टेन्शन लावून तेही निभावलं असतं. मला खरं त्रासवलं ते लाईटनं. कोल्हापूरचा जुलै कसा असतो ते सांगायला नको. पावसाची झड लागली की लाईट जाते, येते, परत जाते. लाईट आली की जुना राउटर लगेच उठतो, फायबरच्या डब्याला मात्र लाईन धरून नेट सुरू करायला चांगली काही मिनिटं लागतात. तोवर रिपीटर आपलं नाव हवेत सोडून बसलेला असतो. फोन त्याला चिकटतात आणि पडद्यावर येतं: जोडलंय, इंटरनेट नाही. मुख्य डबा चालू झाल्यावरही रिपीटर त्याला परत धरेलच असं नाही. पुण्याच्या ताईशी बोलता बोलता आईचा व्हिडिओ कॉल तुटायचा आणि खालून हाक यायची, "बाळ, त्या वरच्या डब्याचं बटन बंद-चालू कर की!" मी घरात नसलो तर ते बटन कोणी दाबायचं नाही, आणि वरचा मजला संध्याकाळपर्यंत नेटविना राहायचा.

कारण बहुधा चॅनेलचं, म्हणजे वायफाय ज्या क्रमांकाच्या पट्ट्यावर चालतं त्याचं, असावं. फायबरचा डबा चॅनेल आपोआप निवडतो, चालू झाला की कधी १ घेतो, कधी ११. जुन्या राउटरांतल्या रिपीटरला ठरलेला चॅनेल लागतो आणि तो जुन्या जागीच वाट बघत बसतो. मुख्य डब्यात चॅनेल पक्का केला तर हा त्रास बराच कमी होतो. आमच्याकडंही झाला, पण पुरता गेला नाही. काही कंपन्यांच्या डब्यात ग्राहकाला तेवढं सेटिंग उघडताही येत नाही. तुमच्याकडं लाईट क्वचित जात असेल, किंवा दोन्ही डबे इन्व्हर्टरवर असतील, तर हा मुद्दा तुम्ही सोडून देऊ शकता.

तारेचा रस्ता मला या एका गोष्टीसाठी आवडला. लाईट आली की दोन्ही डबे आपापले उठतात आणि मुख्य डब्याला नेट मिळालं की वरच्यालाही मिळतं. मधल्या मिनिटांत एखादा फोन नेटवर्कवरचा पत्ता (आयपी) न मिळाल्यामुळं अडतो, पण थोड्या वेळानं आपोआप जोडला जातो. कुणाला उठावं लागत नाही. वेगही पुरा मिळतो.

मांडणी अवघड नाही, फक्त क्रम सांभाळा. जुना राउटर आधी एकट्या लॅपटॉपला जोडून त्याचा पत्ता बदला. मुख्य डबा १९२.१६८.१.१ वर असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या. मग त्यातलं डीएचसीपी, म्हणजे फोन-लॅपटॉपना पत्ते वाटायचं काम, बंद करा. घरात पत्ते वाटणारा एकच डबा हवा, नाहीतर प्रिंटर एका बाजूला आणि फोन दुसऱ्या बाजूला असा घोळ होतो. नंतर मुख्य डब्याच्या लॅनमधून तार आणून याच्याही लॅनमध्येच लावा, वॅनचं, म्हणजे बाहेरून नेट घेण्याचं, भोक रिकामं ठेवा. राउटरमध्ये अॅक्सेस पॉइंट मोड आयता असेल तर यातलं बरंचसं तोच करतो. वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडं सारखं ठेवलं तरी चालतं, फक्त २.४ गिगाहर्ट्झवर एकाला १ आणि दुसऱ्याला ११ असे लांबचे चॅनेल द्या.

तारेत पैसे वाचवू नका. कॅट ५ई पुरते, १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट नेते, पण शुद्ध तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तारही त्याच नावानं विकली जाते. जॅक मारताना आठही वायरी नीट बसल्यात का बघा. १०० मेगाबिटला चारच लागतात, गिगाबिटला आठही. आमच्याकडं वर वेग ९४ च्या पुढं सरकेना. जॅक डोळ्याजवळ धरून पाहिला तर तपकिरी वायरीचं टोक पितळी पातीपर्यंत पोचलंच नव्हतं. जॅक कापून नवा मारला आणि आकडा वर गेला. राउटर फार जुना असेल तर त्याची भोकंच १०० ची असतात, तेवढं आधी बघून घ्या.

दगडी भिंतीला भोक पाडायला बिचकत होतो, पण गरज पडली नाही. सोप्यातून जिन्याच्या कडेनं पांढऱ्या पट्टीतून तार वर नेली. गच्चीवरून किंवा बाहेरच्या भिंतीवरून मात्र नेऊ नका. वळवाच्या पावसात वीज जवळपास पडली की अशा तारेतून झटका आत येतो आणि दोन्हीकडचे पोर्ट जाऊ शकतात.

मेशबद्दल तक्रार करावी असं माझ्याकडं फारसं काही नाही. मेव्हण्याच्या फ्लॅटमध्ये फोनवर बोलत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेलं तरी कॉल हलत नाही. तारेच्या मांडणीत जिना उतरताना फोन वरच्या डब्याला अंमळ जास्तच वेळ धरून ठेवतो, कारण डबा सोडायचा निर्णय फोन घेतो. वरच्या डब्याची प्रक्षेपण शक्ती मध्यमवर आणली की हे बरंच सुधारतं. मेशची जोडी साध्या राउटरपेक्षा बरीच महाग, आणि घरचा जुना डबा त्यात सहसा चालत नाही. वायफायचे नियम ठरवणाऱ्या वायफाय अलायन्स संघटनेनं वेगवेगळ्या कंपन्यांचे डबे मेशमध्ये जुळावेत म्हणून २०१८ मध्ये ईझीमेश नावाचं प्रमाण आणलं, पण त्यासाठी दोन्ही डब्यांत ते असावं लागतं. शिवाय दगडी भिंतीपुढं बिनतारी मेशही थकतं, आणि मग त्यालाही तारच जोडावी लागते. नव्या विटांच्या फ्लॅटमध्ये, खिशाला परवडत असेल तर, मी मेशला नाही म्हणणार नाही.

शाहूपुरी कुंभार गल्लीसारख्या, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी शिरलेल्या भागात राहत असाल तर हिशेब उलटा करा. फायबरचा मुख्य डबा पहिल्या मजल्यावर घ्या आणि जुना राउटर खाली ठेवा. तार आणि सेटिंग तेच राहतं, आणि पाणी आलं तर खालचा डबा काढून वर नेता येतो.

भाड्याचं घर असेल आणि मालक पट्टी ठोकू देत नसेल तर रिपीटरच घ्या. फक्त त्याच्या वायफायला वेगळं नाव द्या. लाईट आल्यावर नेट अडलं तर फोन कुठल्या डब्याला धरून बसलाय ते घरातल्या कुणालाही बघता येतं, आणि सोप्यात येऊन दुसरं नाव निवडता येतं.