पलटणीत गेलेल्या पूर्वजाचा शोध: वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची नोंदसूची काही महिने वापरल्यावर

पणजोबांचे थोरले भाऊ पलटणीत होते, जर्मनच्या लढाईत (पहिल्या महायुद्धात) गेले आणि परत आले नाहीत, एवढंच घरात माहीत होतं. तेवढ्या धाग्यावर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची (महायुद्धांत मेलेल्या ब्रिटिश साम्राज्याच्या सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था) ऑनलाइन नोंदसूची गेले काही महिने वापरतोय. शोध फुकट आहे.

आधी एक सांगतो. इथे फक्त मृत सैनिक सापडतात. पहिल्या महायुद्धाचे म्हणाल तर ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळातले. तुमचे पूर्वज सुखरूप परतले असतील तर इथे वेळ घालवू नका.

नुसत्या नावावर विसंबू नका. कारकुनाने कानावर पडलं तसं इंग्रजीत उतरवलंय, त्यामुळे एकाच आडनावाची तीन-चार रूपं दिसतात. खरा आधार शिपाई नंबर आणि पलटण. आमच्याकडे तो नंबर कपाटातल्या चांदीच्या पदकावर होता. पदकाची कड उजेडात तिरकी धरली की बारीक अक्षरं दिसतात: नंबर, हुद्दा, नाव, पलटण. पदक घासून चकचकीत करू नका, हीच अक्षरं झिजतात.

आमची पलटण निघाली ११७ मराठा. १९२२ च्या फेररचनेत हे आकडे बदलले, पण शोधताना जुनाच आकडा टाकायचा. नोंद उघडली, वडिलांचं नाव आणि गाव जुळलं, तेव्हा घरात सगळे गप्प झाले. मृत्यू १९१६ च्या पावसाळ्यातला. ही पलटण आजच्या इराकमधल्या कूतच्या वेढ्यात होती आणि २९ एप्रिल १९१६ ला कूत तुर्कांच्या हाती पडलं. म्हणजे बहुधा तुर्कांच्या कैदेत वारले.

नोंदीत त्यांचं स्मारक दिलंय ते इराकमधल्या बसऱ्याचं. तिथल्या भिंतींवर भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या शिपायांची मात्र नुसती संख्या. नावं फक्त नोंदवहीत. या असमान वागणुकीबद्दल कमिशनने २०२१ मध्ये माफी मागितली. मला तरी ती फार उशिरा आली असं वाटतं.

पुढची पायरी म्हणजे लंडनमध्ये क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमधल्या (ब्रिटिश सरकारी दप्तरखाना) युद्धडायऱ्या, म्हणजे पलटणींच्या रोजच्या नोंदी, डब्ल्यूओ ९५ या मालिकेतल्या. शिपायांची नावं त्यात क्वचितच येतात, पण पलटण कोणत्या दिवशी कुठे होती ते कळतं. सध्या त्याच वाचतोय.