अपर पाइन्स, योसेमिटी: कॅम्पर आणि कुत्र्यांसह मुक्कामाला कसं आहे?

कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात, योसेमिटी व्हॅलीतलं (दरीतलं) अपर पाइन्स कॅम्पग्राउंड कॅम्परसाठी, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीसाठी, उत्तम आहे आणि तिथे कुत्रीही चालतात. पण कुठे चालतात आणि कुठे नाही, हे बुकिंग करायच्या आधीच समजून घ्या. कुत्र्याला आपल्या साइटवर (मुक्कामाच्या जागेवर), डांबरी रस्त्यांवर, फुटपाथवर आणि सायकलच्या पक्क्या वाटांवर पट्ट्याने नेता येतं. मनाईची पाटी असेल तेवढी जागा सोडायची. व्हर्नल धबधब्याच्या वाटेसारख्या पायवाटांवर, शटल बसमध्ये आणि इमारतींमध्ये त्याला नेता येत नाही. शिवाय त्याला एकटं ठेवून किंवा झाडाला बांधून जायलाही परवानगी नाही. त्यामुळे दोघं गेलात तर एकाने डोंगर चढायचा आणि दुसऱ्याने कुत्र्यांजवळ थांबायचं. हे मान्य असेल तर ही जागा सोन्यासारखी आहे. दोघांनाही रोज ट्रेकच करायचा असेल तर कुत्र्यांना बोर्डिंगमध्ये ठेवून या, त्यांचेही हाल होणार नाहीत.

जागा मिळवणं हे पहिलं कठीण काम. बुकिंग पाच महिने आधी, महिन्याच्या १५ तारखेला पॅसिफिक वेळेनुसार सकाळी ७ वाजता रिक्रिएशन डॉट गव्ह (Recreation.gov) या संकेतस्थळावर उघडतं आणि उन्हाळ्याच्या तारखा काही मिनिटांत संपतात. दर रात्रीला ३६ डॉलर. कॅम्पर ३५ फुटांपर्यंत आणि ट्रेलर २४ फुटांपर्यंत चालतो, पण प्रत्येक साइटची मर्यादा वेगळी असते. ती न बघता बुक केलं की पुढचं चाक रस्त्यावर राहतं. बऱ्याच साइट सपाट नाहीत, म्हणून गाडी समतल करायला चाकांखाली घालायचे लेव्हलिंग ब्लॉक बरोबर हवेतच. कॅम्पर तिरका उभा राहिला की गॅसवर चालणारा फ्रिज नीट थंड करत नाही आणि बराच वेळ तसाच चालवला तर बिघडतो.

आता खरी अडचण, वीज. साइटवर वीज, पाणी किंवा सांडपाण्याची जोडणी नाही. जनरेटर सकाळी ७ ते ९, दुपारी १२ ते २ आणि संध्याकाळी ५ ते ७ एवढाच लावता येतो. जुलै-ऑगस्टमध्ये उन्हाचा कडाका असतो दुपारी ३ ते ५ या वेळात, आणि नेमका तेव्हाच एसी बंद. अशा वेळी पत्र्याच्या कॅम्परमध्ये कुत्रं ठेवू नका. बाहेर झाडाच्या सावलीत सहा फुटांच्या पट्ट्यावर, पाण्याचं भांडं जवळ ठेवून, कुणीतरी सोबत बसायचं. छतावरचा १२ व्होल्टचा पंखा बॅटरीवर चालतो, पण तो फक्त हवा खेळती ठेवतो, गारवा देत नाही. जाड केसांची किंवा पग, बुलडॉगसारखी चपट्या नाकाची कुत्री असतील तर मे किंवा सप्टेंबरचा शेवट गाठावा.

मे महिन्यात उलटी गत. दरी ४,००० फुटांवर आहे, रात्री चांगलाच गारठा पडतो आणि हीटर लावावा लागतो. हीटर गॅसवर असला तरी त्याचा पंखा बॅटरीवर चालतो आणि रात्रभरात जुनी बॅटरी बसते. संध्याकाळच्या दोन तासांत जनरेटर लावून बॅटरी भरून घ्या, हीटर थोडा कमी ठेवा आणि कुत्र्यांना जाड गोधडी द्या. भाड्याच्या कॅम्परमध्ये जनरेटरचे पैसे बहुधा तासावर लागतात, हेही हिशेबात धरा.

अस्वलांचे नियम कुत्रेवाल्यांनी दुप्पट काळजीने पाळायचे. प्रत्येक साइटवर लोखंडी पेटी आहे: ३३ इंच खोल, ४५ इंच रुंद, १८ इंच उंच. कुत्र्याचं कोरडं खाणं, बिस्किटं, चघळायची हाडं, रिकामं पण वास येणारं ताटलं, आपला मसाल्याचा डबा, तूप, साबण, टूथपेस्ट, सगळं त्या पेटीत. भक्कम भिंतींच्या कॅम्परमध्ये खाणं ठेवता येतं, पण बाहेर पडताना खिडक्या, दारं आणि छतावरचे झरोके पूर्ण बंद करावे लागतात. कापडी भिंतींच्या पॉप-अप (उघडून उभारायच्या) कॅम्परमध्ये तेही चालत नाही. सगळं खाणं पेटीत ठेवलेलं बरं. १५ किलोची पिशवी आणू नका, दिवसांच्या हिशेबाने घट्ट झाकणाचा डबा भरा. जेवण झाल्यावर कुत्र्याची वाटी बाहेर राहणं, ही सर्रास होणारी चूक आहे.

खारींचाही धोका आहे, कारण त्यांच्या अंगावरच्या पिसवांतून प्लेग पसरू शकतो. २०१५ साली प्लेगच्या भीतीने योसेमिटीतली दोन कॅम्पग्राउंड काही दिवस बंद ठेवून पिसवांवर फवारणी केली होती. निघण्याआधी पिसवा-गोचिडांचं औषध द्या, रेबीजच्या लसीचा दाखला बरोबर ठेवा आणि बिळांजवळ हुंगू देऊ नका.

फिरायला दरीतल्या सायकलच्या वाटा पुरतात. पहाटे गर्दी नसते आणि डांबरही गार असतं. उघडा हात डांबरावर सात सेकंद टेकवता येत नसेल तर पंजेही भाजणार. मातीवर चालायचं असेल तर कॅम्पर घेऊन दक्षिणेला वावोनाला जा. तिथली मेडो लूपची वाट, सुमारे साडेतीन मैलांची, पट्ट्यावरच्या कुत्र्यांना खुली आहे. मर्सेड नदीकाठी तर पट्टा हातातून अजिबात सोडू नका. मे-जूनमध्ये बर्फ वितळून प्रवाह जोरात असतो.

बे एरियाहून (सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातून) येताना मर्सेड-मारिपोसामार्गे १४० नंबरचा रस्ता घ्या. नदीकाठाने येतो, चढ सौम्य आहे आणि कुत्र्यांना मळमळ कमी होते. १२० नंबरच्या रस्त्याजवळचा जुना प्रीस्ट ग्रेड हा खडा चढ मोठ्या गाडीने टाळाच. कुत्री हार्नेसने सीटबेल्टला अडकवा. मागे मोकळी सोडली तर वळणावर उघडलेला ड्रॉवर अंगावर येतो. सेंट्रल व्हॅलीच्या थांब्यांवर वाळलेल्या गवतात सोडू नका. फॉक्सटेल या गवताचं कुसळ बोटांत, कानात, नाकात शिरतं आणि आत आतच सरकत जातं; मग डॉक्टरशिवाय निघत नाही. दरीत पेट्रोल पंप नाही. एल पोर्टलला टाकी भरून घ्या.

परतताना सांडपाणी सोडण्याची जागा कॅम्पग्राउंडमध्येच आहे, ही मोठी सोय. रविवारी दुपारी १२ च्या चेक-आउटला रांग लागते, म्हणून सकाळी ९ च्या आत उरका. आधी मैल्याची टाकी रिकामी करा, मग सिंक-शॉवरच्या सांडपाण्याची. त्या पाण्याने नळी धुऊन निघते. मैल्याचा व्हॉल्व्ह मुक्कामभर बंदच ठेवायचा. उघडा ठेवला तर पाणी निघून जातं आणि घट्ट मैला तळाशी साचतो. भाड्याची गाडी असेल तर परत करण्याआधी सीटवरचे केस ओल्या रबरी हातमोज्याने काढा. झाडूने निघत नाहीत आणि सफाईचे पैसे अनामतीतून कापले जातात.