एक्स-बार आर चार्ट: एक्सेल की मिनिटॅब?

एक्स-बार आर चार्टवर प्रत्येक गटाची सरासरी (एक्स-बार) आणि रेंज (गटातल्या सर्वात मोठ्या व लहान मापातला फरक) मांडून, ती मर्यादांच्या आत आहे का यावरून प्रक्रिया स्थिर आहे का ते पाहतात. समजा, २० मिमी शाफ्टचे दर तासाला ५ नग मोजले आणि २५ गट जमले. सरासरीची सरासरी २०.००४, रेंजची सरासरी ०.०१२.

एक्सेलमध्ये मर्यादा हाताने बसवाव्या लागतात. रेंजच्या सरासरीला ज्यांनी गुणायचं ते तक्त्यातले स्थिरांक ५ च्या गटासाठी असे: ए२ = ०.५७७, डी४ = २.११४. म्हणजे एक्स-बारच्या मर्यादा २०.०१०९ आणि १९.९९७१, रेंजची वरची मर्यादा ०.०२५४. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो: बरेच जण १२५ रीडिंगचं एकत्र स्टँडर्ड डेव्हिएशन काढून त्याच्या तिप्पट मर्यादा लावतात. त्यात गटागटांमधला फरकही मिसळतो, मर्यादा फुगतात आणि बिघडलेली प्रक्रियाही आत दिसते. दुसरी खोच रिकाम्या सेलची. एका गटात चारच रीडिंग असली तरी एक्सेल निमूटपणे सरासरी काढतं; पण तिथे ए२ ०.७२९ हवा. शिवाय मर्यादांच्या सूत्रातले सेल डॉलर चिन्हाने गोठवले नाहीत, तर सूत्र खाली ओढताना ते सरकतात.

मिनिटॅब हे सांख्यिकीचं सॉफ्टवेअर स्थिरांक स्वतः निवडतं, गट लहानमोठे असले तरी मर्यादा त्याप्रमाणे बदलतं. टूल बदलल्यावर आधीच्या-नंतरच्या मर्यादा वेगळ्या हव्या असतील, तर ‘स्टेजेस’मध्ये टप्प्यांचा कॉलम दिला की झालं. मात्र मूळ सेटिंगमध्ये फक्त पहिली चाचणी, म्हणजे मर्यादेबाहेरचा बिंदू, चालू असते. सलग ९ बिंदू मधल्या रेषेच्या एकाच बाजूला पडले तरी मिनिटॅब गप्प. त्यासाठीची दुसरी चाचणी ‘टेस्ट्स’मध्ये जाऊन लावावी लागते.

मिनिटॅबचं लायसन्स महाग. एकाच मशीनवर एकच चार्ट असेल तर नीट तपासलेली एक्सेल शीट पुरते; दहा-बारा परिमाणं असतील तर पुरत नाही.