कोथरूडमधले ड्रम्सचे प्रायव्हेट क्लास, आठ महिन्यांनंतर

गेले आठ महिने कोथरूडला एका सरांच्या घरी ड्रम्स शिकतेय. बाहेर बोर्ड नाही, जाहिरात नाही, ओळखीतूनच मुलं येतात आणि नाव असं सगळीकडे टाकलेलं सरांना आवडत नाही म्हणून टाकत नाहीये. माझं वय 36. "या वयात कुठे आता" असं ज्यांना वाटतंय त्यांनी तर वाचाच.

आधी एका अकॅडमीत तीन महिन्यांची फी एकदम भरलेली. एक ड्रम किट, आम्ही पाच जण, तासात माझ्या वाट्याला दहा मिनिटं यायची आणि शिकवणारे सारखे बदलायचे. माझा हात कसा पडतोय हे तिथे कुणी एकदाही बघितलं नाही, याचा खरंच राग येतो अजून.

इथे सरांनी पहिल्या दिवशी विचारलं, आधी काय वाजवलंयस? म्हटलं ढोल, सात वर्षं पथकात. लगेच म्हणाले काडी धरून दाखव, आणि बघताक्षणी ओळखलं. ढोलाला एका हातात टिपरू म्हणजे वाजवायची काठी, दुसऱ्या हाताची थापी म्हणजे तळव्याचा फटका आणि जोर सगळा खांद्यातून, त्यामुळे काडी मी मुठीत आवळूनच धरत होते. ड्रमला काम मनगटाचं आणि बोटांचं. सरांनी काडी अंगठा आणि पहिल्या बोटात धरायला लावली, बाकी बोटं नुसती टेकवायची, मग म्हणाले सरावाच्या रबरी पॅडवर टाक आणि उचलू नकोस, ती आपली आपण वर येते. ते हाताला कळायला मला तीन आठवडे लागले आणि तेवढे दिवस सर एकदाही वैतागले नाहीत.

पहिला महिना किटला हात नाही. रबरी पॅड, मेट्रोनोम (लय धरून टिकटिक करणारं यंत्र) 60 वर म्हणजे मिनिटाला 60 ठोके, सिंगल स्ट्रोक म्हणजे प्रत्येक हाताने आळीपाळीने एकेक, डबल स्ट्रोक म्हणजे दोन दोन, मग पॅराडिडल म्हणजे उजवा डावा उजवा उजवा, डावा उजवा डावा डावा. 60 वर स्वच्छ आलं तरच 65. कंटाळा येतो, पण हे टाळून कुणी पुढे गेलेलं मी तरी बघितलं नाही.

किटवर बसल्यावर हात पाय सगळे एकत्र हलायला लागले, काही सुचेना. तेव्हा सर म्हणाले केरवा ताल येतो ना? धा गे ना ति न क धि ना, आठ मात्रा. त्या आठही उजव्या हाताने हाय-हॅटवर (एकावर एक बसवलेल्या दोन झांजा), पहिल्या आणि पाचव्या मात्रेला पायाने बेस ड्रम (खालचा मोठा ड्रम), तिसऱ्या आणि सातव्याला डाव्या हाताने स्नेअर (समोरचा खणखणीत आवाजाचा ड्रम). तोंडाने बोल म्हणत म्हणत वाजवलं आणि दहा मिनिटांत साधी रॉक बीट बसली हो! मला रडूच आलं तिथे. हे कुठल्या व्हिडिओत मिळालं नसतं, समोरच्याला काय येतं ते बघून शिकवणारा माणूस लागतो.

फी महिन्याला 3000, आठ क्लास, 45 मिनिटांचे, आगाऊ भरायची. आदल्या दिवशी कळवलं नाही तर क्लास बुडाला, यात सर ऐकत नाहीत. खोली छोटी आहे, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना गाद्या लावल्यात आणि खिडकी बंद, मे महिन्यात फार हाल झाले. पार्किंग नाही, दुचाकीच न्या. रात्री आठनंतर शेजाऱ्यांमुळे वाजवत नाहीत. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीताच्या ग्रेड परीक्षांची तयारी करून घेतात पण मागे लागत नाहीत. घरी लगेच किट घेऊ नका असं ते स्वतःच सांगतात, एक पॅड आणि 5ए मापाच्या (मध्यम जाडीच्या) काड्या घ्या, पहिलं वर्ष तेवढं पुरतं.

यंदा गणपतीच्या सरावाला ढोल सोडून ताशाला उभी राहिले. पहिल्या दिवशी तर्री (काड्यांचे सलग जलद ठोके) काढताना मनगट सैल होतं, आमच्या ताशाप्रमुख दादाने मागे वळून बघितलं आणि पुढच्या रांगेत घेतलं. दुपारचे स्लॉट आहेत सरांकडे, कुणाला हवं असेल तर मला मेसेज करा, त्यांना विचारून नंबर देते.