घरं बांधायची आणि नदीही राखायची: प्रक्रिया केंद्र, पाणथळ की पडीक शेत?

इंग्लंडमध्ये काही संरक्षित नद्यांच्या खोऱ्यात वसाहत उभारायची, तर नव्या सांडपाण्यातून वाढणारा फॉस्फरस किंवा नायट्रोजन तेवढाच दुसरीकडे कमी करून दाखवावा लागतो. मार्च २०२२ मध्ये ही अट ७४ स्थानिक प्राधिकरणांपर्यंत पोचली आणि हजारो घरांच्या परवानग्या अडकल्या. अट जाचक वाटते खरी. पण फॉस्फरस आणि नायट्रोजन हे शेवाळाचं खाद्य. इंग्लंड-वेल्सच्या सीमेवरच्या वाय नदीत उन्हाळ्यात पांढरी फुलं येणाऱ्या पाणवनस्पतींवर शेवाळाचा बुळबुळीत थर बसलेला पाहिला, की ती का हवी हे कळतं.

आधी एका घराचा हिशोब करू. घरात सरासरी २.४ माणसं, माणशी रोज १२० लिटर पाणी. म्हणजे वर्षाला साधारण १,०५,००० लिटर. सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून सुटणाऱ्या पाण्यात लिटरमागे ५ मिलिग्रॅम फॉस्फरस असेल, तर एका घराचा वाटा वर्षाला सव्वापाचशे ग्रॅम. २०२३ च्या ‘लेव्हलिंग-अप अँड रीजनरेशन’ कायद्यातली लिटरमागे ०.२५ मिलिग्रॅमची मर्यादा पाळली, तर जेमतेम २६ ग्रॅम! म्हणून माझा कौल आधी प्रक्रिया केंद्राला. लोहक्षार घातले की फॉस्फरस गाळात बसतो, हिवाळ्यातही. अडचण एवढीच, की केंद्र पाणी कंपनीचं असतं, बिल्डरचं नाही, आणि सुधारणेची मुदत १ एप्रिल २०३० आहे.

पाणथळ, म्हणजे पाणी गाळायला मुद्दाम तयार केलेली दलदल, त्यापेक्षा लवकर उभी राहते. हरफर्डशरमध्ये लस्टनला केंद्राचं पाणी नदीकडे जाण्याआधी पाणथळीतून फिरवलं आहे. नायट्रोजनचा प्रश्न असेल, तर ती फार कामाची: चिखलातले जिवाणू त्याचा वायू करून हवेत सोडतात. फॉस्फरस मात्र कुठेच जात नाही, तिथल्याच मातीत साठतो. गाळ उपसला नाही, तर काही वर्षांनी पाणथळच तो नदीत परत सोडू लागते.

शेत पडीक ठेवून खत थांबवणं कागदावर सर्वांत सोपं. पण वर्षानुवर्षांच्या खताचा फॉस्फरस मातीत मुरलेला असतो. नांगर थांबला तरी तो नदीत झिरपायचा लगेच थांबत नाही. शिवाय पिकाखालची जमीन जाते. दुसरा मार्गच नसेल, तरच हा घ्यावा.

घरांचा ताबा २०३० च्या आत द्यायचा असेल, तर तोवर पाणथळीचा आधार घ्या. मात्र गाळ कोण उपसणार आणि खर्च कोण देणार, हे करारात आधी लिहून घ्या.