होमपेजचं कुलूप काढून आठ महिने झाले, काय टिकलं आणि काय परत आलं

हे लिहायला आठ महिने थांबलो मुद्दाम, कारण असल्या गोष्टी पहिल्या दिवशी गेल्यासारख्या वाटतात आणि आठवड्याने परत हजर. लॅपटॉप आईचा, विंडोज, क्रोम. पीडीएफ जोडायचं कुठलं तरी फुकट सॉफ्टवेअर तिने टाकलं, नेक्स्ट नेक्स्ट करत, आणि तेव्हापासून क्रोम उघडलं की एक भलतंच सर्चचं पान. "अगं आई, काय दाबलंस तू?" "मी काहीच नाही रे दाबलं, आपोआपच झालं." बरं.

सेटिंगमध्ये गेलो तर ऑन स्टार्टअपचे (क्रोम उघडल्यावर कुठलं पान दिसावं त्याचे) पर्याय राखाडी, क्लिकच होत नाहीत, बाजूला ते बारकं बिल्डिंगचं चिन्ह. तीन टिंबांच्या मेनूत तळाशी लिहिलेलं, मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन. घरातली ऑर्गनायझेशन म्हणजे आई, तिला विचारलं तर ती म्हणे मी कुणाला मॅनेज करत नाही :)

रिसेट केलं, दोनदा. क्रोम काढून परत टाकलं. घंटा फरक पडला नाही आणि इथेच माझे दोन रविवार गेले. रिसेटने क्रोमच्या स्वतःच्या सेटिंग जातात, पण हे कुलूप क्रोममध्ये नसतंच. ते विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपल्या सेटिंग जिथे साठवतं तिथे, पॉलिसी म्हणून बसलेलं असतं, ऑफिसवाले शेकडो कॉम्प्युटरवर एकच होमपेज लावायला जी सोय वापरतात तीच. क्रोमला वाटतं मालकाचा हुकूम आहे, तो मुकाट पाळतो.

ॲड्रेस बारमध्ये क्रोम, कोलन, दोन स्लॅश आणि पॉलिसी असं टाइप केलं तेव्हा सगळं उघडं पडलं. होमपेजलोकेशन, रिस्टोअरऑनस्टार्टअपयूआरएल्स आणि खाली एक्स्टेन्शनइन्स्टॉलफोर्सलिस्ट, म्हणजे जबरदस्तीने बसवलेलं एक्स्टेन्शन (क्रोमला जोडलेलं छोटं सॉफ्टवेअर), म्हणूनच त्याला रिमूव्हचं बटण चालत नव्हतं. मग रजिस्ट्री एडिटर, एचकी लोकल मशीन, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम. आधी एक्स्पोर्ट करून बॅकअप घेतला आणि मग ती क्रोमची 'की', म्हणजे रजिस्ट्रीतला फोल्डरसारखा कप्पा, उडवली. एचकी करंट यूजरखालीही तोच रस्ता असतो, तिथेही बघायचं. पॉलिसीच्या पानावर रिलोड पॉलिसीज दाबलं, यादी रिकामी. वाटलं जिंकलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं जागेवर! टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे विंडोज ठरवून दिलेली कामं आपोआप चालवतं तिथे, अपडेटसारखं काहीतरी साळसूद नाव घेऊन एक टास्क बसलेला, लॉगिन झालं की ॲपडेटामधली स्क्रिप्ट चालवून तीच की परत लिहायचा. तो टास्क, ती स्क्रिप्ट आणि ते पीडीएफवालं सॉफ्टवेअर आधी काढलं, मग की, या क्रमाने केलं तेव्हा कुठे टिकलं. अजून एक, डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये टार्गेट बघा, माझ्याकडे क्रोम डॉट ईएक्सईच्या पुढे एक स्पेस आणि मग त्या साइटचा पत्ता चिकटवलेला होता, त्यामुळे रजिस्ट्री साफ असूनही पान उघडतच राहिलं असतं.

तिसऱ्या महिन्यात पुन्हा धडकी भरली. सर्च इंजिन तेच भिकारडं. पॉलिसीचं पान मात्र रिकामं, टास्कही नाही. मग लक्षात आलं की आईचं अकाउंट तिच्या जुन्या कॉम्प्युटरवरही चालू आहे आणि सिंकने (एका अकाउंटच्या सेटिंग सगळ्या कॉम्प्युटरवर सारख्या ठेवणारी सोय) तिथली घाण इकडे आणली. जुना साफ केला, अकाउंटमधला सिंकचा डेटा पुसला, मग सिंक परत चालू केलं. हे आधी कुणी सांगितलं असतं तर एक संध्याकाळ वाचली असती.

त्यानंतर पाच महिने, विंडोजचे आणि क्रोमचे एवढे अपडेट होऊनही, काही नाही. महिन्यातून एकदा पॉलिसीचं पान बघतो, दहा सेकंद लागतात.

एक मात्र सांगतो, ऑफिसच्या लॅपटॉपवर हे करू नका, तिथे ती पॉलिसी खरीच त्यांची असते. काही अँटीव्हायरसही स्वतःची पॉलिसी लावतात, म्हणून नुसती ती ओळ दिसली की घाबरू नका, आधी आत काय लिहिलंय ते वाचा. फायरफॉक्सवाल्यांनी अबाउट कोलन पॉलिसीज बघावं, तिकडे कुलूप अनेकदा इन्स्टॉल फोल्डरमधल्या डिस्ट्रिब्युशनमध्ये पॉलिसीज डॉट जेसन नावाच्या फाइलीत सापडतं.

कुलूप निघाल्यावर आईला विचारलं, आता कुठलं पान लावू? म्हणाली कोरंच ठेव.